दुकानदाराने दिली म्हणून बंदूक कायदेशीर होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत तांदूळ आणि टॉयलेट पेपरसाठी रांगा लागल्या, तशाच बंदुकांच्या दुकानांबाहेरही लागल्या. त्या एका महिन्यात बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या यंत्रणेकडे ३७ लाखांहून अधिक चौकश्या आल्या. २०१९ या पूर्ण वर्षात त्या २ कोटी ८४ लाख होत्या, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख झाल्या. एक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, त्यात परवान्यांच्या तपासण्याही येतात, पण वारा कुठे वाहत होता ते यातून कळते. आधी साथ, मग उन्हाळ्यातली निदर्शने आणि जाळपोळ, मग ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर चालून गेलेला जमाव. प्रत्येक धक्क्यानंतर आकडा पुन्हा उसळला. मार्च २०२१ मध्ये तो एका महिन्यात ४६ लाखांच्या पुढे गेला. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लाख प्रौढांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, असा संशोधकांचा अंदाज आहे.

या पहिलटकरांत भारतीय घरेही होती, मराठीही होती. तेव्हापासून अमेरिकेत काही खळबळ झाली, की तिथल्या मराठी मंडळींत हा प्रश्न पुन्हा निघतो: ‘घरात एक असावी का?’ आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना तिकडे आहेत, वर्षाआड पाच-सहा महिने तिकडे राहून येणारे आई-वडीलही आहेत. म्हणून हे पत्र मराठी वर्तमानपत्राला लिहीत आहोत.

भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथे इथे एका भारतीय अभियंत्याला केवळ परका दिसतो म्हणून गोळी घातली गेली. कोविडच्या काळात आशियाई चेहऱ्याच्या माणसांवर रस्त्यात हल्ले झाले. भीती वाटलेल्या माणसाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण घाबरून घेतलेल्या बंदुकीबाबत काही गोष्टी आपल्याकडच्या लोकांना कुणीच सांगत नाही, आणि त्यातली पहिली गोष्ट अशी की आपल्यातल्या हजारो जणांना ती हातात धरण्याचीही परवानगी नाही.

भारतात शस्त्र परवाना म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त, पोलीस पडताळणी, महिनोन्‌महिने हेलपाटे. त्यामुळे ‘हातात मिळाली म्हणजे सरकारने दिली’ अशी आपली समजूत असते. अमेरिकेत अनेक राज्यांत अर्ध्या तासात बंदूक मिळते आणि मिळाली तरी ती जवळ असणे गुन्हा ठरू शकते. तिथल्या संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळीही. नोकरीचा एच-१बी, त्यावर आलेल्या जोडीदाराचा एच-४, कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांचा एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, भेटीला आलेल्या आई-वडिलांचा बी-२, हे सगळे यात आले. ग्रीन कार्ड हाती आलेला माणूस यात येत नाही. मात्र ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षे उभा असलेला, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला, घर-गाडी-मुले सगळे अमेरिकेत असलेला एच-१बीधारक येतो. घोटाळा इथेच होतो. ‘आम्ही तर इथे स्थायिकच व्हायला आलो, मग आम्ही इमिग्रंटच की,’ असे म्हणून दुकानात खरेदीदाराने भरायच्या फॉर्म ४४७३ वर ‘नॉनइमिग्रंट व्हिसावर आलात का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ची खूण केली जाते. जाणूनबुजून केलेली ती खूण हाच एक स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. बंदूक बाळगण्याचा गुन्हा वेगळा, त्याची शिक्षा २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत गेली. आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते, त्यातून ग्रीन कार्डवालाही सुटत नाही.

मग तपासणीत हे पकडले जात नाही का? बऱ्याचदा जाते. पण नियम असा आहे, की एफबीआयकडून तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय आला नाही, तर संघीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०२० मध्ये यंत्रणेवर ताण आला तेव्हा ही मुदत उलटून जाणे काही दुर्मीळ नव्हते. शिवाय टेक्सससारख्या राज्यांत दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीला तपासणीच लागत नाही. दुकानदाराचे काम फॉर्म भरून घेण्याचे. फॉर्मवर खरे लिहिण्याची आणि पुढची सगळी जबाबदारी घेणाऱ्याची.

याला एक अपवाद आहे आणि तो मित्रमंडळींत फार फिरतो: राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असला, तर नॉनइमिग्रंट व्हिसावरही बंदूक घेता येते. अपवाद खरा आहे. पण परवान्याची मुदत संपते त्या दिवशी अपवादही संपतो, बंदूक मात्र कपाटातच राहते. नूतनीकरण विसरले, नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलो, कागद कुठे ठेवला ते आठवत नाही, अशा साध्या कारणांनी माणूस गुन्ह्यात जाऊन बसतो. या वाटेने जायचेच असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला लेखी विचारा. बंदुकीच्या दुकानात मिळालेला सल्ला यासाठी पुरेसा नाही.

‘मग नागरिक झालेल्या मित्राच्या नावावर घेऊ’ हा विचार तर कृपा करून मनातही आणू नका. दुसऱ्यासाठी, ज्याला बंदूक ठेवण्याची मुभा नाही त्याच्यासाठी, आपल्या नावावर खरेदी करणे हा मित्राचाही गुन्हा आहे, पंधरा वर्षांपर्यंतचा. सहलीला गेल्यावर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन फोटो काढणे सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. कायद्याच्या भाषेत तोही ताबाच. बी-२ वर गेलेल्या आई-बाबांनी तर त्यापासून लांबच राहावे.

मिश्र घरांचा प्रश्न याहून नाजूक. नवरा नागरिक, बायको एच-४ वर, सासू-सासरे बी-२ वर, असे घर आपल्याकडे घरोघरी सापडेल. नवऱ्याने बंदूक घेणे कायदेशीर आहे. पण तिजोरीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात असेल किंवा नंबर सगळ्यांना ठाऊक असेल, तर ती बंदूक बाकीच्यांच्याही ताब्यात आहे असे सरकारी वकील म्हणू शकतो. अशा घरात किल्ली आणि नंबर एकाकडेच हवेत. आणि तसे असेल तर तो कामावर गेल्यावर घरच्यांच्या रक्षणाला ती बंदूक नाहीच, हेही घेण्याआधीच लक्षात घ्यावे.

आणखी दोन प्रश्न फॉर्मवर असतात. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला, तरी संघीय कायद्याने गांजा घेणाऱ्याला बंदूक वर्ज्य आहे, तसा इशारा फॉर्मवरच छापलेला आहे. आणि घरगुती हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाने मनाई हुकूम दिलेल्या माणसालाही ती वर्ज्य आहे. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली.

राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचे ओळखपत्र, बोटांचे ठसे, ओळखीच्या दोघांचे दाखले, मानसिक आरोग्याच्या नोंदींची तपासणी, आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी. कॅलिफोर्नियात लेखी परीक्षा आणि दहा दिवसांची वाट. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचे ओळखपत्र. टेक्ससमध्ये यातले जवळजवळ काही नाही आणि सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना सोबत बाळगायलाही परवाना लागत नाही. म्हणून ह्यूस्टनच्या भावाने दिलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बहिणीला लागू पडत नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचा बाळगण्याचा परवाना घेऊन पूल ओलांडून न्यू जर्सीत आलात, तर तो परवाना तिथे चालत नाही. गाडीच्या खणातले भरलेले पिस्तूल हा तिथे पाच ते दहा वर्षांचा गुन्हा आहे. राज्य ओलांडून न्यायचीच असेल, तर रिकामी, कुलूपबंद, गाडीच्या डिकीत, गोळ्या वेगळ्या, आणि निघालो तिथेही आणि पोचणार तिथेही ती बाळगणे कायदेशीर असेल तरच.

आता ज्यांना हक्क आहे आणि ज्यांनी घेतली आहे त्यांच्यासाठी. २०२० मध्ये घेतलेल्यांची मोठी अडचण अशी, की बंदूक मिळाली आणि शिकायला जागा मिळाली नाही. अनेक ठिकाणी रेंज बंद होत्या. नऊ मिलिमीटरची पन्नास गोळ्यांची पेटी साथीआधी दहा-बारा डॉलरला येई, ती २०२१ च्या सुरुवातीला पस्तीस-चाळीसवर गेली, म्हणून उघडलेल्या रेंजवरही सराव झाला नाही. व्हिडिओ पाहून शिकलेल्यांची कितीतरी पिस्तुले आज कपाटांत पडून आहेत.

व्हिडिओतून हमखास निसटते ते रिकामे करण्याचा क्रम. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळ्या दोन जागी असतात: मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये आणि नळीच्या मागच्या तोंडाशी, चेंबरमध्ये. बरोबर क्रम असा. नळी अशा दिशेला ठेवा जिथे गोळी सुटली तरी कुणी मरणार नाही. बोट चापाच्या कडीबाहेर, सरळ. आधी बटण दाबून मॅगझिन काढा आणि बाजूला ठेवा. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे खेचा, चेंबरमधली गोळी उडून बाहेर पडेल. स्लाइड मागेच अडकवा. उजेडात चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि करंगळी घालून चाचपा. दोनदा करा. नवशिके उलटे करतात. आधी स्लाइड खेचतात, एक गोळी बाहेर पडलेली दिसते, समाधान होते. पण पुढे जाताना त्याच स्लाइडने मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये ढकललेली असते. मग मॅगझिन काढतात. आता पिस्तूल हलके लागते, मूठ पोकळ दिसते, टेबलावर गोळी पडलेली असते, आणि चेंबर भरलेले असते. बहुतेक पिस्तुले मॅगझिन काढल्यावरही उडतात. त्यातून काही लोकप्रिय पिस्तुले सफाईसाठी सुटी करताना चाप ओढावाच लागतो. ‘साफ करताना गोळी सुटली’ या बातमीमागे पुष्कळदा हाच उलटा क्रम असतो.

‘सुरक्षित दिशा’ हाही घरात कठीणच प्रश्न. अमेरिकेतली घरे लाकडाची. आतली भिंत म्हणजे लाकडी दांड्यांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. नऊ मिलिमीटरची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. जमीन खालच्या मजल्याचे छत असते. टाउनहाउसमध्ये पलीकडे शेजाऱ्यांच्या मुलांची खोली असू शकते. पाच गॅलनची बादली वाळूने काठोकाठ भरून कपाटाशेजारी ठेवावी आणि पिस्तूल रिकामे करताना नळी तिच्यात रोखावी. साधा, स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

रेंजवर कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही घाला, पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर असतो. डोळ्यांना चष्मा हवाच. चाप ओढल्यावर आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला, तर तिथेच थांबा: गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी सोडली तर पिस्तूल हातात फुटते. परतल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, कपडे वेगळे धुवा. गोळीच्या धुरात शिसे असते, ते कपड्यांवरून रांगत्या बाळापर्यंत पोचते. गरोदर बाईने रेंजवर जाऊ नये.

ठेवायची कुठे, यावर सर्वांत जास्त चुका होतात. कपाटाची वरची फळी, गादीखाली, साड्यांच्या घडीत, देवघरामागे: मुलांना या सगळ्या जागा ठाऊक असतात. आपल्याला वाटते, ठाऊक नाहीत. दुकानातून पिस्तुलाबरोबर तारेचे कुलूप मिळते. ते मॅगझिनच्या जागेतून घालून, पुंगळी बाहेर पडते त्या वरच्या खिडकीतून बाहेर काढायचे असते. चापाच्या कडीतून घातलेली तार काही अडवत नाही. त्याहून चांगली छोटी तिजोरी, पण ती जमिनीला किंवा भिंतीतल्या लाकडाला बोल्टने आवळलेली हवी. नाहीतर चोर तिजोरीसकट नेतो आणि तुमची बंदूक कुणाच्या तरी गुन्ह्यात निघते. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या तिजोऱ्या ओल्या, तेलकट किंवा कणकेच्या हाताला दाद देत नाहीत, आणि बॅटरी संपली की ठशाने उघडत नाहीत. २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवल्या. ठसा नोंदवण्याआधी त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि एका बारा वर्षांच्या मुलाचा त्यात जीव गेला. यांत्रिक बटणांची तिजोरी घ्या, नंबर मुलांच्या जन्मतारखेचा ठेवू नका, दर महिन्याला अंधारात उघडून पाहा.

आणि मुलांना खेळायला, रात्री राहायला दुसऱ्याकडे पाठवण्याआधी विचारा: ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का?’ शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारतो तितक्या सहज विचारावे. आपल्या मंडळींत हे विचारायचा संकोच आहे. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयातल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक आहे. संकोच बाजूला ठेवायला हे पुरेसे असावे.

आकड्यांतली दुसरी गोष्ट मात्र आपल्या समाजात कुणी उच्चारतच नाही. २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४५,२२२ माणसे गेली. त्यांतल्या २४,२९२ आत्महत्या होत्या, निम्म्याहून जास्त. दारातल्या चोरासाठी आणलेली बंदूक घरातल्याच माणसाच्या सर्वांत वाईट रात्री हाताशी असते. इतर अनेक मार्गांनी प्रयत्न केलेली बहुतेक माणसे वाचतात आणि पुढे जगतात. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीव घेतात. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. ते साठ दिवस, महाविद्यालयाच्या प्रवेशाचा निकाल, घटस्फोटाची नोटीस, नव्या आईचे बाळंतपणानंतरचे खचलेपण: घरात असे काही चालू असेल, तर बंदूक घराबाहेर गेली पाहिजे. काही दुकाने आणि काही पोलीस ठाणी तात्पुरती ठेवून घेतात. आधी फोन करून राज्याचा नियम विचारा, आणि बंदूक घेऊन अचानक ठाण्यात जाऊ नका. ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत किंवा मानसिक संकटात मदतीसाठीचा क्रमांक अमेरिकेत कुठूनही, कधीही चालतो.

रात्री आवाज आला तर काय, हे आधी ठरलेले नसते. एप्रिल २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. कॅन्सस सिटीत सोळा वर्षांच्या मुलाने भावंडांना आणायला जाऊन चुकीच्या घराची घंटा वाजवली आणि घरमालकाने दारातून गोळी झाडली. तो वाचला. न्यू यॉर्क राज्यात चुकीच्या आवारात गाडी वळवलेल्या वीस वर्षांच्या मुलीला गोळी लागली. ती गेली. कोण आहे हे दिसल्याशिवाय चापावर बोट जाता कामा नये. म्हणून बंदुकीशेजारी टॉर्च हवा, आणि टॉर्च हातातला, बंदुकीवर बसवलेला नव्हे. आवाज देऊन नाव विचारा, उशिरा आलेला स्वतःचा मुलगाच असण्याची शक्यता मोठी. घरच्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ९११ (पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक) लावा आणि फोन चालू ठेवा. खोलीत बंदूक आहे आणि ती कुणाकडे आहे हे सांगा. पोलीस आल्यावर हातात बंदूक असू नये. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे हे जवळपास कुठेच स्वसंरक्षण ठरत नाही, त्याच्या हातात तुमचे मंगळसूत्र असले तरी.

एवढे सगळे दरमहा, वर्षानुवर्षे करायची तयारी नसेल, तर आधी दार बघा. चौकटीत जिथे कडी बसते त्या पट्टीचे स्क्रू बहुतेक घरांत पाऊण इंचाचे असतात, एका लाथेत उपटतात. ते काढून तीन इंची लावा, म्हणजे ते चौकटीमागच्या भक्कम लाकडात जातात. खर्च पाच डॉलर, वेळ वीस मिनिटे. सरकत्या काचेच्या दारामागच्या खाचेत लाकडी दांडा आडवा टाका. हालचालीने लागणारा दिवा मागच्या दाराला लावा. याला व्हिसा लागत नाही.

शेवटी भारतात येणाऱ्यांसाठी. रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला वापरू नका. जॅकेटचा खिसा, लॅपटॉपच्या पिशवीचा आतला कप्पा, मुलाचे जुने दप्तर, कुठेतरी एक जिवंत गोळी राहते. मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात ती दिसली, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. ‘जाणीवपूर्वक ताबा नव्हता’ या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केले आहेत, पण तिथवर पोचेपर्यंत सुट्टी, परतीचे तिकीट आणि बरेच पैसे गेलेले असतात. निघण्याच्या आदल्या रात्री बॅग पलंगावर उलटी करा, प्रत्येक कप्प्याचे अस्तर बाहेर ओढा, शिवणीतून बोट फिरवा. रिकामी पुंगळी सापडली तर तीही घरीच ठेवा.

आपले,
बंदूक सुरक्षेचे प्रशिक्षण देणारे काही मराठी भाषक,
न्यू जर्सी